फोटोत आलेली टाच

आबा,

चष्मा इथंच खुंटीला विसरून गेलात. जन्मभर काही ना काही विसरत आलात, जातानाही सवय सोडली न्हाई. तेव्हा हे पत्र तिकडं कुणाकडून तरी वाचून घ्या. मी तरी कुठं लिहून राहिले? मी बोलते, आपली नात राणी लिहिते. लातूरच्या क्लासमधून सुट्टीवर आलीय. म्हणते, "आजी, हळू. मास्तरसुद्धा एवढं पळवत न्हाईत."

परवा तुमचं वर्षश्राद्ध. लोक येतील, भिंतीवरच्या फोटोला हात जोडतील. मला त्या भिंतीकडं बघायची लाज वाटते, म्हणून आजच बोलते.

तोंड तुमचंच हाय, मतदानाच्या कार्डावरचं. खाली कोट अन् टाय स्टुडिओवाल्यानं चिकटवला. धोतरातला माणूस मेल्यावर साहेब झाला. आपला लग्नातला फोटो भूकंपात घराखाली गेला. पुढं तुम्ही कधी समोर उभे राहिलात? आपल्या बालाजीनं तो छोटा डिजिटल कॅमेरा आणला, अन् तुम्ही त्याच्या मागं जे गेलात ते मागंच राहिलात.

वेड तरी कसलं? शंकरपटातल्या पळत्या बैलजोड्यांचं. आधी नुसता धुरळा अन् शेपट्या यायच्या. म्हणायचात, "बटन दाबलं की हे यंत्र जरा इचार करतं, तवर बैल पार." मग सराव कुणावर? माझ्यावर. "अगं, कोंबडीमागं पळ." अंगणात चुन्याची रेघ. तिच्यावर नेम धरून, बटन अर्धं दाबून तुम्ही उभे. मी रेघेवर यायच्या आधीच पुरं दाबायचं अन् कंबरेतनं माझ्यासंगं वळायचं. पुढं पुढं कोंबडीचं पीस न् पीस दिसायला लागलं. वर म्हणालात, "बैलापेक्षा तू बरी पळतेस." असं बायकोला म्हणतात का, आबा?

गेल्या साली आपल्याच गावच्या पटात जोडी सोडायचा मान तुमचा. कॅमेरा माझ्या हातात दिलात. "आज तू काढ. सगळं तुझ्यापुढंच शिकलोय."

"मला आंगठा उठवता येतो, बटन न्हाई."

"आंगठ्यानंच दाबतात, येडे."

तुम्ही जोडीसंगं पळत आलात, फेटा सुटलेला. मला आधी दाबायचं ठाऊक होतं. पण मी बघतच बसले. डोळा भरून बघितलं अन् मग दाबलं. फोटोत धुरळा, धोतराचा सोगा अन् तुमची भेगाळलेली टाच. तुम्ही पोट धरून हसलात. आठ दिवसांत गेलात.

बालाजीनं विचारलं, "माय, आबांचा एखादा फोटो हाय का?" टाच कशी दाखवू? न्हाई म्हणाले. चौकात कोटवाल्याचं फ्लेक्स लागलं. तुमचे कपडे शिवणारे रहीमचाचा त्याच्याखाली उभे राहिले अन् मला विचारलं, "भाबी, आबा को ये कोट कौन सिया?" मी पदर तोंडावर ओढला तो ओढलाच. वर्षभर त्या परक्या बाप्याला हळदकुंकू, हार. तुम्ही वरनं बघत असाल तर काय म्हणत असाल?

काल राणीनं कॅमेऱ्यातनं टाच हुडकली अन् लातूरहून मोठी करून मागवली. बालाजी म्हणतो, "माय, लोक हसतील. गंध कुठं लावायचं?"

म्हटलं, "टाचेला. मी पाया पडायची ती काय टायच्या?"

राणी पेन ठेवून हसून राहिलीय. तिला म्हटलं, हे पण लिही.

तर वचन देते. उद्या साहेबांना भिंतीवरनं उतरवते, तिथं टाच लावते. परवा सगळ्यांपुढं सांगेन की ही आबांचीच हाय अन् हा फोटो मी काढलाय. लाज लगेच जाईल असं न्हाई. पण पदर मागं घेईन.

आम्ही तुम्हाला पुरणपोळी वाढणारच हाव. तुम्ही तिकडनं काही धाडणार असाल तर अर्धापूरची केळी धाडा. जरा हिरवीच निवडा, वाट लांबची हाय, येईस्तोवर पिकतील.

तुमची,
बालाजीची माय