लवूला आणायला खडकात उतरण्यापूर्वी

मी, शेवंती बाबली खवणेकर, वय वर्षे एकतीस, धंदा मासे विकणे, राहणार तळाशील, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी, पूर्ण शुद्धीवर राहून व कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागच्या व्यवस्थेसाठी हे लिहिते. मराठी चौथी शिकले आहे, अक्षर माझेच आहे. सोमवारी अमावास्येची मोठी सुकती लागेल, समुद्र सगळ्यात मागे हटेल, तेव्हा मी मुक्याच्या खडकातल्या घळीत उतरणार आहे. आठ ग्रह एकत्र येणार म्हणून गावात होमहवन चालले आहे. मला ग्रहांचे भय नाही.

१. माझे राहते घर व मागचे माड आनंदी तांडेल हिला द्यावेत. ती लवू तांडेलाची बहीण. लवूशी माझे लग्न ठरले होते, झाले नाही. तरी आनंदी मला वयनीच म्हणते.

२. लवूची होडी व फेकायचे जाळे कोणाला देऊ नये. तो परत आला तर त्याचे त्याला. असे का लिहिते ते आता सांगितलेच पाहिजे.

नऊ वर्षांपूर्वी आनंदी खडकावर कालवे काढायला गेली ती आली नाही. बुडाली म्हणून लोकांनी तिचे क्रियाकर्म उरकले. त्यानंतर लवूला घळीतून तिची हाक ऐकू येऊ लागली. "ती जिती आसा, शेवंते. मी जातंय," तो म्हणाला. त्याच्याशिवाय मागे राहणे मला सहन होणार नव्हते. म्हटले, "मग मीय येतंय."

घळीच्या तळाशी पाणी संपले आणि कोरडी वाट लागली. समुद्र डोक्यावर छतासारखा थांबला होता, त्यात मासे फिरत होते. वाटेच्या शेवटी आनंदी बसली होती. तिचे ओठ हलत, आवाज येत नसे. शेजारी दर्याचा राखणदार होता. त्याला तोंड नाही. ज्याला ठेवून घेतो त्याच्या आवाजात तो बोलतो.

"तिघां आसात. दोघां जातली. कोण रवतला?" आनंदीच्या आवाजात त्याने विचारले.

लवूने बोलायला तोंड उघडले. तो माझे नाव घेईल या भीतीने मी आधीच बोट दाखवले. "ह्यो."

वर आल्यावर आनंदीला काही आठवेना. गावाला मी सांगितले, लवूने बहिणीला वाचवले आणि तो बुडाला. लोक त्याच्या नावाने समुद्राला नारळ देतात. मी तोंड फिरवते.

३. माझ्या कोंबड्या हौसाबाईंनी न्याव्यात. शेजारच्या काशीबाईंना एक पीसही मिळू नये. मी नवरा गिळला, असे त्या बाजारात म्हणतात. त्यांचे पुष्कळसे खरे आहे, तरी कोंबडी देऊ नये.

४. तेव्हापासून दर मोठ्या सुकतीला घळीतून लवूचा आवाज येतो. "शेवंते, खंय आसस?" मी दाराला कडी लावून बसते. गेल्या पौर्णिमेला मात्र ती हाक आनंदीनेही ऐकली. "दादा, इलंय रे!" म्हणत ती छातीभर पाण्यात गेली. वेणी धरून मी तिला ओढून आणले. आता कडी लावून भागणार नाही.

पुरवणी. साक्षीदार गंगाराम पराडकर ग्रहयोग टळेपर्यंत उंबऱ्याबाहेर पडेनात, म्हणून सही राहिली. पुढचे आज जोडते.

मी उतरले. घळीच्या तोंडाशी आनंदीने दोर धरला. लवू तिथेच बसला होता, होता तेवढाच तरुण.

"दोघां आसात. एक जातला. कोण रवतला?" राखणदाराने लवूच्या आवाजात विचारले.

माझे पाय मागे वळू पाहत होते. मी म्हटले, "मी." तो माझ्या तोंडचा शेवटचा शब्द.

"ह्येचो आवाज परत ने. तुझो हयसर रवांदे," राखणदार म्हणाला. वाक्य लवूच्या आवाजात सुरू झाले आणि माझ्या आवाजात संपले.

माझ्या जागी माझा आवाज खाली राहिला, म्हणून आम्ही दोघेही वर आलो. लवू ओटीवर बसून पेज पितो, उन्हाने त्याच्या डोळ्यांना पाणी येते. काल मी पाटीवर लिहून विचारले, त्या दिवशी तू कोणाचे नाव घेणार होतास? त्याने पाटी वाचून खाली ठेवली.

"तुझां," तो म्हणाला. "मी तुझांच नाव घेणार होतंय, शेवंते."

राखणदार असता तर गोड बोलला असता. तेव्हा मला खात्री पटली, हा लवूच. मग आम्ही दोघेही रडलो, त्याचे तेवढे ऐकू आले.

म्हणून घर व माड आनंदी आणि लवू यांना सारखे द्यावेत. होडी व जाळे लवूने आजच ताब्यात घ्यावे.

शेवटचे. खडकातून माझ्या आवाजात हाक आली तर कोणीही ओ देऊ नये. मला हाक मारता येत नाही. मघाशीच ती आली आणि लवू ओटीवरून उठला. डाव्या हाताने त्याला धरून हे लिहिते आहे, म्हणून अक्षर वाकडे आले आहे.

सही: शेवंती बाबली खवणेकर

आमच्यासमक्ष सही केली:
गंगाराम बाबाजी पराडकर
हौसाबाई सहदेव कुबल (अंगठा)

तळाशील, बुधवार, ७ फेब्रुवारी १९६२