चिचगडच्या पोथीतल्या दोन ओळी

३ फेब्रुवारी

पुन्हा अडकलं! महादेवाच्या पोथीच्या तीन प्रती — नागरा, दरेकसा, चिचगड. ओळीला ओळ लावून फरक दाखवायचे, एवढंच या सॉफ्टवेअरचं काम. चिचगडची प्रत आली की बिनसतं. सगळ्यांत जुनी तीच, आणि तिच्याच एका पानाचा फोटो माझ्या हातून हललेला. दोन ओळी वाचता येत नाहीत, त्यामुळे पुढचं सगळं सरकतं.

डोळे चुरचुरतात. कॉलेजचे पेपर तपासायचे पडलेत ते वेगळेच.

४ फेब्रुवारी

वैतागून त्या जागी माझ्याच दोन ओळी घुसडल्या — ‘थकले डोळे, थकले पाय, सांग देवा, आता काय!’ सॉफ्टवेअर मुकाट चाललं! बाकी दोन प्रतींत हा भागच नाही, मग तक्रार कोण करणार? तात्पुरतं आहे. विसरू नये म्हणून पिवळा रंग देऊन ठेवला.

९ फेब्रुवारी

देवरीला गाडी बदलून चिचगड. पोथीचे मालक बकारामभाऊ लग्नाला गेलेले, पोथी कुलपात. फुकटची खेप! निदान टाइप केलेल्या पोथीची प्रिंट तरी देऊन आलो — वाचून पाहा म्हटलं. त्यांच्या बायकोनं, रुख्माबाईंनी, दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली. ‘आता कसं डोळ्याले दिसते बापा!’

प्रिंट काळी-पांढरी होती, पिवळा रंग त्यात दिसणारच नाही, हे परतीच्या गाडीत लक्षात आलं. जाऊ दे.

१४ फेब्रुवारी

कंटाळा. काही केलं नाही.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

कॅमेरा घेऊन पुन्हा चिचगड. ‘भाऊ, जुन्या पोथीचं एकच पान पाहू द्या.’

‘जुनी? थे तं सकाळीच बोडीत सोडली ना, सर! नवी आली का जुनीले पाण्यात सोडा लागते. माह्या बापानंबी तसंच केलतं.’

बोडीकाठी, म्हणजे गावतळ्यावर, धावत जाऊन आलो — पाण्यावर नुसती फुलं.

‘भाऊ, नवीत दोन ओळी चुकीच्या आहेत.’

‘आता कायच्या चुकीच्या? पूजा झाली तिची.’

२७ फेब्रुवारी

काल संध्याकाळी वाचनाला थांबलो. माझ्या ओळी आल्या, तेव्हा लाजेनं मान वर होईना. रुख्माबाई पदरानं डोळे पुसत होत्या. नंतर मला म्हणाल्या, ‘ह्याच ओळी आल्या का माहे सासरे रडत, सर.’

‘या दोन ओळी मूळ पोथीतल्या नाहीत, माझ्या आहेत’ ही तळटीप अजून लिहिलेली नाही.