माझ्या नावाचा सेंट

हळर्ण, पेडणे
१९ जानेवारी २०२५

चि. श्रीनाथ,

तुला आणि सेजलला आमचे भरभरून आशीर्वाद. इथे आम्ही दोघं बरी आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण शेतात एक फेरी मारल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नाही. अळसांदे चांगले आलेत, काजू मोहरलेत.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मी काही सांगायला लागले की माझं वाक्य संपायच्या आत तू "कळलं आई" म्हणतोस. कागद मध्ये बोलत नाही.

तुझा खोका मंगळवारी मिळाला. काय सुंदर खोका रे! वर सोनेरी अक्षरांत "भाग्या". माझं नाव याआधी एकदाच छापून आलं होतं, लग्नपत्रिकेत, आणि तेही चुकीचं. बाबांनी तर पाव घेऊन आलेल्या पोदेराला थांबवलं. "आमच्या झिलान केल्यान ह्या!" म्हणाले आणि त्याच्या शर्टावर दोन फवारे मारले. तो तसाच हॉर्न वाजवत वाड्यावर गेला. त्या दिवशी सगळ्यांच्या उंडे-पावांना चंदनाचा वास येत होता म्हणे.

सेंट छान आहे. (तू परफ्यूम म्हणतोस, माझ्या तोंडात सेंटच बसलंय.) बाटलीचा आकारही छान आहे.

सेंट बाजारात आणायचा पुण्याचा तो कार्यक्रम, त्याला येणं मात्र जमेलसं वाटत नाही. बाबांचा गुडघा आहे, शेताला पाणी लावायचं आहे, आणि स्टेजवर उभं राहून बोलायची मला सवय नाही. माझ्याऐवजी सेजलच्या आईंना बोलव. त्या छान बोलतात.

एवढं लिहून मी पत्र मिटलं होतं. बाबांनी विचारलं म्हणून त्यांना वाचून दाखवलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "माझ्या गुडघ्याक मदी कित्याक घालतंस गे? खरां काय तां बरय."

तर खरं लिहिते. मला तुझा सेंट आवडला नाही.

आवडावा म्हणून मी जिवाचा आटापिटा केला रे. न्हाऊन, इरकल नेसून, बाटली देवापुढे ठेवून मग उघडली. आधी मोगरा आला, मग चंदन, मग दूध तापत आल्यासारखं काहीतरी ऊबदार. नावं ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. पण मी वाट बघत राहिले, आता येईल, आता येईल. काय यायला हवं होतं ते मलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी मनगटावर मारून बघितला, मग पदरावर, मग उशीच्या अभ्र्यावर. वाटलं, वयाबरोबर नाक गेलं असेल. म्हणून मसाल्याचा डबा उघडून हुंगला. धणे, तिरफळं, सगळं नीट ओळखू आलं. नाक जागेवर होतं.

मग वर्षा आली, गडहिंग्लजहून. भाचीच्या लग्नाला तुयेला आली होती. आठवते ना तुला? कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची ती. तिनं सेंट लावला आणि म्हणाली, "लई भारी." मग खोक्यातलं कार्ड काढून मोठ्यानं वाचायला लागली: "पहाटे तुळशीपाशी उभी असलेली माझी आई. केसांत मोगरा, बोटांना उगाळलेलं चंदन. तिचं सगळं जग घराच्या उंबरठ्याआत मावलेलं." वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं.

"ही बाई कोण म्हणायची गं?"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. ती गेली आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

पुता, माझं जग उंबरठ्याआत कधी मावलं रे? पहाटे मी तुळशीपाशी नसायचे, तिठ्यावर कंपनीच्या बसची वाट बघत असायचे. तुयेच्या कारखान्यात विजेच्या मीटरमधल्या सर्किटच्या पाट्या मी सोल्डर केल्या. पुढे सगळी लाइन माझ्या हाताखाली आली. नवीन मुलगी कामावर आली की साहेब तिला आधी माझ्याजवळ बसवायचे, "भाग्यलक्ष्मीबाईंचा हात बघ" म्हणायचे. केसांत मोगरा कुठला, केस टोपीत असायचे. चंदन उगाळायचे ते बाबा. अजूनही तेच उगाळतात. हे सगळं तुला माहीत आहे. तू बघितलं आहेस. म्हणून जास्त लागलं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तू लहान असताना मी कामावरून येऊन तुला भरवायला बसले की तू तोंड फिरवायचास. "आई, तुझ्या हाताला कंपनीचा वास येता." तापलेलं सोल्डर, राळ आणि पाट्या पुसायचं स्पिरिट, असा तो वास. मी लिंबाच्या फोडीनं हात घासायचे, तरी जायचा नाही. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. लेकरू ते, बोलायचंच. पण आज तू वासांचा कारागीर झालास, आईचा वास करायला बसलास, आणि तोच तेवढा वगळलास. तुला त्याची लाज वाटते का रे? वाटत असेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. पण मला ती कधी वाटली नाही. मला त्या नोकरीचा ताठा होता आणि अजून आहे. पुण्यात चारचौघांसमोर उभी राहून "हो, मीच ती तुळशीपाशी उभी असलेली" असं मी म्हणणार नाही.

तुझं काम चांगलं आहे. कनौजला अत्तरवाल्यांकडे एकटा राहून तू ते शिकलास, आणि त्याचा मला अभिमान आहे. या पत्रानं त्यातला कणही कमी झालेला नाही. फक्त त्या बाटलीवर माझं नाव घालू नको.

तुझी आई,
भाग्यलक्ष्मी. पूर्ण नाव.

•

हळर्ण
२ मार्च २०२५

प्रिय वर्षा,

तू सुखरूप पोचल्याचं कळलं. भाचीचं लग्न नीट पार पडलं ना? आता तू विचारलेल्या एका प्रश्नानं आमच्या घरात काय काय झालं ते ऐक.

मी श्रीनाथला सगळं लिहून कळवलं. पत्र मिळालं असणार, पण त्याचा फोन आला नाही. मी केला तर सेजलनं उचलला आणि "ते जरा बाहेर गेलेत" म्हणाली. मला वाटलं, तुटलं. श्रीनाथचे बाबा मला काही बोलले नाहीत, पण तेही मोबाईल खिशात घालून शेतात जायला लागले.

आणि एका दुपारी हा मोपाच्या विमानतळाहून रिक्षा करून दारात हजर! पिशवी ओट्यावर टाकली आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर जमिनीवर बसला. मी ताट वाढलं. शितालाही हात लावला नाही.

"आई, लाज नव्हती गं," म्हणाला. "तो वास आला की तू दमलेली असायचीस. मला भरवता भरवता तुझे डोळे मिटायचे, घास हातातच राहायचा. मला वाटायचं, तो वासच तुला दमवतो. मला तो नकोच होता."

मी ताट त्याच्याकडे सरकवलं.

"म्हणून ह्या बाटलीत तुला घरी बसवलं," म्हणाला. "एकदा तरी तुला आराम मिळावा म्हणून."

वर्षा, पत्र टाकल्यापासून मी मनातल्या मनात त्याच्याशी किती भांडले होते! त्यानं काय म्हटलं तर मी काय म्हणायचं, सगळं तयार होतं. हे मात्र त्यात नव्हतं. शेवटी म्हटलं, "आराम हवाच होता रे मला. पण ती नोकरीही हवी होती. मला दोन्ही हवं होतं."

"हे मला कधी सुचलंच नाही," म्हणाला. मग जेवला. दोनदा भात मागून घेतला.

तर मी पुण्याला जाऊन आले. बाबाही आले. विमान सुटताना त्यांनी माझा हात असा आवळला की बांगडी वाढवली. सेंटचं नाव आता "पहाट" झालंय आणि ते कार्ड त्यानं काढून टाकलं. कार्यक्रमात तो उभा राहिला, तेव्हा मला वाटलं, मोगऱ्याबद्दल बोलेल. म्हणाला, "हा वास मी आईचा म्हणून करायला घेतला होता. पण ती ह्यात नाही. ती तुयेच्या कारखान्यात लाइन सुपरवायझर होती, आणि ती समोर बसली आहे." लोक मागे वळून बघायला लागले. मी सरळ बसले. अगदी सरळ.

तिथल्या एका मुलीनं माझ्यापुढे माइक धरला. "काकू, तुम्हाला कसा वाटला?"

बाबांनी मला कोपरानं ढोसलं. पण खोटं बोलायला मी तिथवर गेले नव्हते.

"मला नाही आवडला," मी म्हटलं.

सेजलनं कपाळाला हात लावला.

"वास माझा नाही," मी म्हटलं, "पण करणारा माझा आहे."

मग जे टाळ्या वाजवायला लागले म्हणतेस! सगळ्यात मोठ्यानं हसत होता तो श्रीनाथ.

खरं सांगू, अजूनही तो मला आवडत नाही. परवा परत लावून बघितला. चांगला आहे, पण माझा नाही, त्याला काय करणार? तरी बाटली अर्ध्यावर आली आहे. घरी जो कोणी येतो त्याला मी मनगट पुढे करायला लावते. आधी कुणी केलाय ते सांगते, मग फवारते. तू पुन्हा येशील तेव्हा तुलाही सोडणार नाही.

तुझ्या शेजारच्या टेबलावरची,
भाग्यलक्ष्मी