विरळणी

१८ मार्च २०२५, मंगळवार

गावी, निरवांगीत आले आणि पस्तावले! हॉस्टेलात काविळीची साथ, म्हणून यावं लागलं. पंचवीस तारखेपर्यंत जर्नलला पेपर गेला नाही तर ग्रहांवरची पीएचडी वर्षभर लटकली. आणि इथं? आबांना अजून वाटतं, त्यांची लेक कुंडल्या शिकते. शेजारचे झुंबरतात्या तर नातीची पत्रिकाच घेऊन आले — "मंगळ न्हाय ना गं हिला?" डोकं फिरलं!

१९ मार्च

रेंज फक्त आमच्या डाळिंबाच्या बागेत. तिथंच लॅपटॉप घेऊन बसते. विरळणी चाललीय, उरलेली फळं नीट पोसावीत म्हणून. मजुरीला दगडाबाई — निम्म्याहून जास्त फळं तोडून खाली टाकते, आणि तोंडाची टकळी अखंड. "काय बघतीस त्यात?" म्हटलं, दुसऱ्या सूर्यांभोवतीचे ग्रह. "किती हायत?" जुन्या सूर्यांभोवती दोन-तीनच. "मग?" मग काय मग! तेवढेच जन्मले. तेवढेच धरून मी चार अब्ज वर्षांचं गणित मांडलंय. अंगठेबहाद्दर बाईपुढं काय डोकं फोडायचं!

२० मार्च

परत तेच. "पैल्यापास्नं दोनच व्हते?" हो गं बाई, हो!

२१ मार्च

आज कहर. म्हणे, "तुझं कायतरी चुकतंय बघ." माझं! मी तोंडावर हसले तिच्या. तिनं फांदी हलवली. "आत्ता ह्या झाडाला साठ हायत. उद्या पावणा मोजून गेला तर म्हणंल, साठच लागली. आगं, दीडशे फळांची सेटिंग धरली व्हती! खाली बघ की."

मोठी आली शहाणी. नाही बघितलं खाली.

२२ मार्च

सहा ग्रह धरून गणित पुन्हा चालवलं. नुसतं तिला खोटं पाडायला. एकमेकांना ढकलत तीन बाहेर फेकले गेले, एक सूर्यात पडला. उरले दोन. अगदी आज दिसतात तसे.

दोन वर्षं! दोन वर्षं मी उरलेलेच मोजत बसले. शिकलेलं गाढव, दुसरं काय!

दुपारी दगडाबाईनं भाकरीवर ठेचा घालून दिला. निमूट खाल्ला. पेपरच्या आभारात तिचं नाव घालायचं. म्हणजे घालायचंच.

२४ मार्च

बागेत गाइड सरांचा फोन, काल पाठवलेलं नवं गणित बघून. भलतेच खूश! "पेपरचं सोनं झालं. मुदतीचं मी बघतो. पण हे सुचलं कुणाला?"

"मलाच, सर."

दगडाबाई शेजारच्याच झाडाशी होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि परत फळं तोडायला लागली.