खाली वस्ती नाही

नागपूर,
२० ऑगस्ट २०२५

सौ. गोपिकावहिनींना देवकीचा नमस्कार.

पत्रात आधी खुशाली लिहायची असते म्हणून लिहिते, आम्ही तिघं खुशाल आहोत. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण दादा फोन स्पीकरवर टाकतो आणि ओट्यावर बसलेली अर्धी वाडी माझं बोलणं ऐकते. मागे मी पोटाची तक्रार सांगत होते, तर मधूनच धोंडबा काकांनी ओवा सुचवला. म्हणून हे पत्र तुमच्या भाच्याजवळ, जितेंद्रजवळ देते. तो गांधीबागेतलं दुकान सोडून पोळ्याला गावाकडे निघालाय.

सोबत महालक्ष्म्यांच्या दोन साड्या आहेत. एक हिरवी, एक जांभळी. दुकानदार म्हणाला, एकाच रंगाच्या घ्या, जोडी दिसेल. मी म्हटलं, त्या बहिणी आहेत, बँडवाले नाहीत.

यंदा आम्हाला महालक्ष्म्यांच्या जेवणाला यायला जमणार नाही. सोनिकाची कॉलेजची परीक्षा आहे. उन्मेषची कंबर धरली आहे. आणि मला पेपरात सुट्टी नाही. संपादकांचं म्हणणं, सणासुदीला वाचकांना हसायला काहीतरी हवं. म्हणजे लोक पुरणपोळी खाणार आणि मी घरबसल्या त्यांना गुदगुल्या करणार.

एका न येण्याला तीन-तीन कारणं देणाऱ्यांची मीच पेपरातून टिंगल केली आहे. सोडा.

सहज विचारते. तुमच्या डोक्यावर वीजकेंद्राचा तो राखडेचा तलाव आहे ना, त्याच्या बांधाखालून नाल्यात पाणी झिरपतं आणि ते राखाडी दिसतं, असं दादा परवा म्हणत होता. अजून तसंच येतं का? की निवळलं? जितेंद्रजवळ निरोप पाठवा. आणि वाडी सोडायला म्हणून मिळालेल्या, वरच्या पुनर्वसन कॉलनीतल्या तुमच्या घरात नुसता कडबा भरलाय. एखादी खोली रिकामी करून ठेवायला काय हरकत आहे? हवा खेळती राहते.

दादाला नमस्कार.

तुमची,
देवकी


नागपूर,
२६ ऑगस्ट

वहिनी,

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "शहरात राहून महालक्ष्म्यांचीबी सुट्टी मागा लागते का तुमाले?" आणि फोन ठेवून दिलात. बरं केलंत. चालू ठेवला असता तर मी चौथं कारण दिलं असतं.

सोनिकाची परीक्षा दिवाळीनंतर आहे. उन्मेषची कंबर माझ्यापेक्षा चांगली आहे. जितेंद्रने तुमचा निरोप सांगितला, की पाणी आधीपेक्षा दाट येतं. सांगताना तो हसत होता. मी हसले नाही.

दादाने त्या पाण्याचं सांगितलं तेव्हा आम्ही नाश्त्याला बसलो होतो आणि आमचाही फोन स्पीकरवर होता. दादाचं बोलून झालं. उन्मेषने पोह्यांचा चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "सोनिकाला यंदा पाठवू नको."

मी विचारलं, का? तर म्हणे, उगाच. वहिनी, लग्न झाल्यापासून हा माणूस मला प्रत्येक गोष्टीचं कारण, उपकारण आणि पुरावा देत आलाय. 'उगाच' हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मग मी मागेच लागले.

तुमच्या बांधाची पाहणी वीजकेंद्राने उन्मेषकडूनच करून घेतली होती, हे तुम्हाला माहीत आहे. हिवाळ्यात आला होता, तुम्ही झुणका-भाकर वाढली होती. बांधाला दोन श्रेण्या द्यायच्या असतात. पहिली बांधाच्या तब्येतीची. दुसरी धोक्याची, म्हणजे तो फुटलाच तर खाली कोणाचं काय होईल. पहिलीत त्याने लिहिलं 'समाधानकारक'. तेव्हा झिरपणारं पाणी स्वच्छ होतं, म्हणून ते खरंच होतं. दुसरीत लिहिलं 'कमी'. कारण, खाली वस्ती नाही.

वस्ती नाही, वहिनी. तुम्ही नाही, दादा नाही, धोंडबा काका नाहीत, कांताबाई आणि तिच्या शेळ्याही नाहीत.

आता हे कसं झालं ते दादालाच विचारा. त्या पाहणीसाठी खालच्या घरांचा नकाशा करणारे आले तेव्हा आपल्याला इथून उठवतील म्हणून तो घाबरला आणि म्हणाला, आम्ही फक्त वावर पाहायला येतो, राहतो कॉलनीत. मग सगळ्या वाडीने तेच सांगितलं. इतक्या एकमताने आपल्या गावात कधी ग्रामसभासुद्धा झाली नाही. आणि उन्मेषने ते लिहून घेतलं! दरवर्षी त्याच घरात महालक्ष्म्यांचं जेवण जेवणाऱ्या, पुरणावर तुपाची धार कमी पडली तर वाटी पुढे करणाऱ्या माणसाने.

मी तेच बोलले. तो म्हणाला, "खाली माणसं आहेत असं लिहिलं की धोका 'उच्च' होतो. मग राखड सोडणं थांबवायला लागते, नाही तर गाव हलवायला लागते. ते गावच हलवतील. तुझ्या दादाने माझ्यापुढे हात जोडले होते, बापू, आमाले उठवू नका म्हणून. मी काय करायला पाहिजे होतं?"

दादाने हात जोडले हे मी तुम्हाला सांगितलं, ते त्याला कळू देऊ नका.

मग मी त्या पाण्याचं विचारलं. तो म्हणाला, "नुसतं पाणी झिरपलं तर चालते. हे राखड घेऊन येऊन राहिलं. म्हणजे बांध आतून पोकळ होऊन राहिला."

"मग कळव ना त्यांना."

"पावसाळ्यानंतर फेरपाहणी आहेच."

"आणि तोवर?"

तो पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत बसला.

शनिवारी इथे मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली. रोगराई घेऊन जा, संकटं घेऊन जा, असं लोक ओरडत होते. मी दरवर्षी त्या गर्दीत मजकूर शोधायला जाते. यंदा मीही ओरडले, घसा बसेपर्यंत. मला फार भीती वाटते, वहिनी. पेपरासाठी त्यावर चार ओळी लिहून पाहिल्या. हसू येईल असं एकही वाक्य झालं नाही.

महालक्ष्म्यांची जागा बदलत नाहीत हे मला माहीत आहे. तरी यंदा कॉलनीत बसवा. कडबा काढायला मी येते. दोष लागला तर माझ्या नावावर लावा, तिथे आधीच बरेच आहेत.

वाट पाहते.

तुमची,
देवकी


वाडीतून,
३१ ऑगस्ट, संध्याकाळ

उन्मेष,

दुपारपासून टॉवर बंद आहे, म्हणून जितेंद्रला मोटारसायकलवर तुझ्याकडे पाठवते. त्याला चहा विचारत बसू नको. आधी हे वाच.

कॉलनीतलं घर झाडूनसुद्धा झालं होतं. वहिनी तिथवर आल्या, दारातून आत पाहिलं आणि परत फिरल्या. म्हणाल्या, "बाई, जागा सोडून बसवल्या अन् काही झालं, तं मी कोणाले तोंड दाखवू?"

मी म्हटलं, आणि इथे बसवून काही झालं तर?

"तं मंग तोंडच राहणार नाही."

वाडीतले बाकीचे गेले. कांताबाई सुनेला, नातवाला आणि शेळ्यांना घेऊन कॉलनीत गेली. धोंडबा काका मला शिव्या देत गेले, पण गेले. वहिनींनी मात्र आज भर पावसात दोघींना घरात आणलं. फाटकापासून काढलेली कुंकवाची पावलं वाहून गेली, तर पुन्हा काढली. माझ्या साड्या नेसवल्या आहेत, छान दिसतात दोघी. आता बसवल्या म्हणजे तिसऱ्या दिवसापर्यंत हलवायच्या नाहीत. त्या उठणार नाहीत म्हणून वहिनी उठणार नाहीत, वहिनी नाहीत म्हणून दादा नाही, आणि हे दोघं नाहीत म्हणून मी इथे आहे.

यात शौर्य शोधू नको. पातेल्यावरचं झाकण वाजलं तरी मी दारात जाऊन बांधाकडे पाहते. नागपूरलाही भ्यायलेच होते, पण तिथल्या माझ्या भीतीचा कोणाला काही उपयोग नव्हता. सोनिकाला तुझ्याजवळच ठेव. ती रडेल, हट्ट करेल, तरी ठेव. तिच्या बाबतीत तू मनातल्या मनात दिलेली 'उच्च' श्रेणी मला मान्य आहे.

नाल्याचं पाणी रस्त्यावरच्या फरशीपुलाला लागलंय. रंग लिहीत नाही, तुला माहीत आहे. दादा काठी घेऊन बांधाच्या पायथ्याशी जातो आणि परत येतो. तिथली जमीन पायाखाली हलल्यासारखी वाटते, एवढंच एकदा बोलला. नंतर सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाला, "बापूले सांग, लिवा म्हणा. उठवलं तं उठू." ज्याने हात जोडले होते त्यानेच आता सोडले आहेत. तुझी ती अडचण संपली.

तेव्हा पावसाळ्यानंतर नाही, आज. दोन्ही श्रेण्या बदल. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात स्वतः जा. राखड सोडणं आज बंद करायला सांग, आणि वहिनींना उचलून न्यायची वेळ आलीच तर देवींसकट नेणारी माणसं पाठवायला सांग. तुझं नाव बुडेल, पुन्हा काम मिळणार नाही, हे सगळं तू मला बोलून दाखवशील. दाखव. समोरासमोर बसून दाखव, एवढीच माझी इच्छा आहे.

खाली वस्ती आहे. लिहायला नावं लागतील म्हणून देते. दादा, म्हणजे चंपतराव. वहिनी, म्हणजे गोपिका. तिसऱ्या नावाची खाली सही आहे.

बांधाखालून,
देवकी