लोणचं घातलं तो दिवस

नाशिक

प्रिय आई,

नऊ महिने आपण बोललो नाही, तरी आज तुलाच विचारावं लागतंय.

माझी तारीख उलटून आठ दिवस झाले. बाळ चार किलोचं वाटतंय, म्हणून उद्या दाखल व्हायचंय. "पाळीची तारीख नक्की ना?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. सभांच्या धावपळीत मी पहिली सोनोग्राफी फार उशिरा केली, त्यामुळे सगळी भिस्त माझ्या शब्दावर. मी व्यासपीठावर बोलते तशी ठणकावून म्हणाले, "नक्की!"

घरी येऊन डायरी पाहिली. जूनमध्ये लासलगावला माझ्या दोन सभा होत्या, दहा दिवसांच्या अंतराने. त्यातल्या एकाच दिवशी तुझ्याकडे आले. पाळी त्याच दिवशी आली होती. कोणत्या? दिवस खरंच उलटलेत, की अजून भरायचेत? मग बाळ आत्ताच एवढं मोठं कसं? हजार बायकांना ठामपणे सांगणारी मी, माझ्या नवऱ्याला, शेखरला, एक तारीख सांगू शकत नाही.

तुला आठवत असेल. तू लोणचं घालत होतीस. "शिवू नको, नासंल," म्हणालीस. मी मुद्दाम बरणीत हात घातला. "तुझं भाषण तिकडं स्टेजवर, माझ्या घरात नाय!" तू ओरडलीस आणि मी ताटावरून उठले. विटाळ थोतांड आहे, हे मी आजही म्हणेन.

पत्र पोचायच्या आत उद्या उजाडेल. म्हणून हे इथेच ठेवते आणि फोन लावते. आधी तारीख विचारीन. मग, धीर झाला तर, ते लोणचं नासलं का, तेही.

तुझी हट्टी,
वैष्णवी