रांगेतली नागम्मा

सोलापूर, बुधवार, १४ फेब्रुवारी १९७३

नागम्माचे बाळ पोटातच गेले. आज तिच्या घरी जाऊन आले.

सोमवारी विणकरांच्या वस्तीतल्या आमच्या दवाखान्यात ती रांग सोडून पुढे आली होती. सातवा महिना, हात पोटावर. मी लष्करातून आणलेली शिट्टी वाजवून तिला मागे पाठवले. का आलीस, एवढेही विचारले नाही. ती तासभर रांगेच्या शेवटी गप्प उभी राहिली आणि तपासून न घेताच घरी गेली.

युद्धातल्या इस्पितळात नव्या नर्सना मीच बजावत असे, ओरडणारा थांबू शकतो, गप्प आहे त्याला आधी बघा. ते कसे विसरले? शिट्टी तेवढी लक्षात राहिली!

तिची सासू हातमाग थांबवून चहाला उठली. म्हणाली, "तुमचं काय चुकलं बाई? रांग सगळ्यांस्नी सारकीच की." तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

नागम्मा मला पाहून उठायला लागली. "पुढच्या खेपेला लवकर येऊन रांग धरते, बाई."

शिट्टी विहिरीत टाकली. उपयोग काय? रांग आता तिच्या अंगात भिनली आहे. मीच भिनवली.